उंबऱ्याचा रोध

करकटवाडी नावाच्या एका गावात बिभीषण नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती भोळा? तर सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. इतकं तंतोतंत, की सांगणाऱ्याला नंतर तोंड लपवायला जागा उरायची नाही.

लहानपणी गुरुजींनी त्याला सांगितलं, "मी परत येईपर्यंत पाढे म्हणत बस." गुरुजी बाहेर गेले आणि बाहेरच्या बाहेर त्यांची बदली झाली. बिभीषण पाढे म्हणत बसला. आईने दंडाला धरून घरी नेला तरी म्हणतच होता. नवे गुरुजी आले. ते म्हणाले, "अरे बाबा, पुरे." पण हे काही ते गुरुजी नव्हते. त्यामुळे बिभीषणाला दुसरं काही आलं नाही, पण गुणाकार-भागाकारात अख्ख्या तालुक्यात त्याचा हात धरणारा कोणी राहिला नाही.

मोठा झाल्यावर त्याला चहाच्या हॉटेलात लावलं. मालक म्हणाला, "दारात येईल त्याच्यापुढं आधी पाण्याचा गिलास ठेवायचा." त्याच दिवशी हॉटेलावरून एक प्रेतयात्रा चालली होती. ऊन मी म्हणत होतं. बिभीषणाने चारही खांदेकऱ्यांपुढे गिलास धरले. त्यांनी तिरडी बाकड्यावर टेकवली आणि पाणी प्यायले. मग बिभीषणाने पाचवा गिलास भरून तिरडीपुढे ठेवला. तेव्हा मालकाने त्याला घरचा रस्ता दाखवला.

अशा माणसाचंही लग्न झालं. बायको कौसल्या, उंबरसांगवीची. शहाणी होती, पण लग्न ठरवताना तिला कोणी विचारलंच नव्हतं. पुढे मात्र तिचा जीव जडला. आपला नवरा खोटं बोलत नाही, दारू पीत नाही आणि कधी आवाज चढवत नाही, हे तिने पाहिलं होतं. त्याला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच त्याचं कारण असलं तरी कौसल्येला ते चालत होतं.

एकदा ती बाजाराला निघाली. गावात माकडं आली होती. जाताना म्हणाली, "दार लावून घ्या. कुणी बी हाक मारू दे, मी येईपातूर उघडू नका."

बाजार करून, डोक्यावर पाटी घेऊन ती परत आली.

"अहो, दार उघडा."

"कोण हाय?"

"मी कौसल्या."

"कौसल्यानं सांगितलंय, कुणी बी हाक मारली तरी उघडू नका."

"अहो, मीच सांगितलं व्हतं की!"

"मग तूच सांगितलेलं मी मोडू व्हय?"

कौसल्या भर उन्हात ओसरीवर बसून राहिली. पाटीतली मेथी सुकली. मग ती उठली, पाटी दाराशी ठेवली आणि दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाली, "मी चालले म्हायेरी. कुठल्या तरी एका कामावर जत्रंपातूर टिकून दाखवा. मगच ह्यो उंबरा वलांडीन."

तेवढं बोलून ती गेली. गेल्यावर बिभीषणाला तिची फार आठवण यायची. घर खायला उठायचं. तो रोज दोन माणसांच्या भाकरी थापायचा, ताटं दोन मांडायचा आणि मग दोन्ही ताटांतलं स्वतःच खायचा, कारण अन्न टाकायचं नाही असं तिनेच सांगितलं होतं. तो जाड झाला, पण दुःखाने.

गावात हरिदास मिस्त्रीचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. मिस्त्रीच्या हातात कला होती, पण भागाकार म्हटला की त्याला घाम फुटायचा. आजवर त्याने अंदाजानेच तार गुंडाळून मोटरी भरल्या होत्या. काही चालल्या, काही जळल्या. जळलेल्यांचा दोष तो व्होल्टेजवर टाकायचा आणि व्होल्टेज बिचारं काही बोलायचं नाही. बिभीषण कामाला ठेवा म्हणत दारात आला, तेव्हा मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं, मग बाकावरच्या विजेच्या शेगडीकडे पाहिलं.

"हे बघ," मिस्त्री म्हणाला. "व्होल्ट म्हंजी ढकलणारा. अँपिअर म्हंजी चालणारा. अन् वाटंत जो आडवा पडतो, त्यो रोध. ढकलणाऱ्याला चालणाऱ्यानं भागलं की आडवा किती ते कळतंय. अन् दोघांचा गुणाकार केला की ताकद कळती. ताकद म्हंजी वॅट. आता ही शेगडी. दोनशे तीस व्होल्ट, पाच अँपिअर. बोल."

"रोध सेहेचाळीस, ताकद अकराशे पन्नास," बिभीषण म्हणाला. श्वाससुद्धा घेतला नाही.

मिस्त्रीचे डोळे भरून आले. "आजपासून तू हितंच," तो म्हणाला. "जत्रंच्या आत पाणी योजनेची मोटर बसवायची हाय आपल्याला. फकस्त एक ध्यानात ठेव. मोजल्याबिगर कशालाच हात लावायचा न्हाई."

"बरं मिस्त्री. मोजल्याबिगर न्हाई."

दुसऱ्याच दिवशी मिस्त्री शिडीवर चढून दुकानाच्या आढ्याला पंखा अडकवत होता. शिडी सरकली. पंखा खाली गेला, शिडी खाली गेली, मिस्त्री मात्र आढ्याला दोन्ही हातांनी लोंबकळत राहिला.

"शिडी लाव!" मिस्त्री ओरडला.

शिडी लावायची म्हणजे मिस्त्रीचे पाय धरावे लागणार. पाय धरायचे म्हणजे हात लावावा लागणार. बिभीषण आत गेला आणि मीटर घेऊन आला. त्याने एक तार मिस्त्रीच्या डाव्या टाचेला लावली, एक उजव्या.

"गुदगुल्या व्हत्यात रं!" मिस्त्री किंचाळला.

"हलू नका, काटा हलतोय."

काटा स्थिर झाला. त्याच वेळी मिस्त्रीचे हात सुटले. तो जळक्या तारांच्या ढिगावर आदळला.

"शून्य आलं, मिस्त्री," बिभीषण आनंदाने म्हणाला. "आता हात लावाय हरकत न्हाई."

"अरं शहाण्या!" मिस्त्री कंबर धरून म्हणाला. "माणूस चिकटलेला, अडकलेला दिसला की मोजत बसायचं नसतं! वाळकं लाकूड घ्यायचं अन् एका दणक्यात सोडवायचं! मग तो थरथरू दे, न्हाईतर वरडू दे!"

"बरं मिस्त्री. फुडच्या टायमाला तसंच."

आता हे पाणी योजनेचं प्रकरण सांगायला हवं. करकटवाडीत नळ होते, टाकी होती, टाकीवर रंगही होता. फक्त पाणी नव्हतं. सरकारने नवी मोटर दिली होती, पण ती आपल्यामुळेच आली असं सरपंच रंगनाथराव म्हणत आणि आपल्यामुळेच आली असं त्यांचे चुलतभाऊ दत्तोबा म्हणत. दोघांचं बोलणं बंद होतं. मोटर पंचायतीच्या खोलीत गोणपाटात गुंडाळून पडली होती आणि बायका कोसावरून घागरी आणत होत्या. शेवटी गावाने दोघांना मारुतीच्या देवळापुढे आणलं. दिलजमाई करायची ठरली. वर्तमानपत्राचा फोटोवाला बोलावला.

रंगनाथराव पुढे झाले. दत्तोबा पुढे झाले. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. फोटोवाला म्हणाला, "जरा धरून ठेवा. अजून एक. अजून एक."

धरून ठेवता ठेवता दत्तोबांना हुंदका आला. त्यांचे खांदे हलायला लागले. ते पाहून रंगनाथरावांनाही भरून आलं आणि तेही हलायला लागले. सगळा गाव डोळे पुसत होता.

बिभीषण मागे उभा होता. त्याने पाहिलं, दोन माणसं एकमेकांना चिकटली आहेत, सुटत नाहीत, आणि वरून थरथरतायत. त्याने इकडेतिकडे पाहिलं. देवळाच्या धुनीजवळ बाभळीचं वाळकं लाकूड पडलं होतं.

त्याने दणका दिला. एकच दिला, पण मनापासून दिला.

दोघे सुटले. रंगनाथरावांना वाटलं दत्तोबांच्या माणसाने मारलं. दत्तोबांना वाटलं रंगनाथरावांच्या माणसाने मारलं. फोटोवाल्याला मात्र जन्मात मिळाला नसेल असा फोटो मिळाला. अर्ध्या तासात गावाचे पुन्हा दोन तट झाले, आणि आधी जे कुणीकडचेच नव्हते तेही या नाहीतर त्या तटात गेले.

बिभीषण मिस्त्रीला म्हणाला, "दोघं बी वाचले, मिस्त्री."

"अरं शहाण्या!" मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "दणका द्यायच्या आधी हिशोब करायचा असतो! ढकलणारे किती, चालणारे किती. भागाकार करायचा. रोध लई निघाला तर समजायचं, कुठंतरी जोडावर गंज चढलाय. त्यो जोड हुडकायचा अन् पॉलिशपेपरनं घासायचा. मारामारी न्हाई करायची!"

"बरं मिस्त्री. फुडच्या टायमाला तसंच."

मिस्त्रीने त्याला हाकलून दिलं असतं. पण जत्रा जवळ आली होती, मोटरचा हिशोब बाकी होता आणि उंबरसांगवीहून कौसल्येचा निरोप आला होता, की अजून टिकलेत का? मिस्त्रीलाही घरी बायको होती. त्याने निरोप धाडला, टिकलाय.

आता मोटरला वीजजोडणी हवी होती. अर्ज तालुक्याच्या कचेरीत जाऊन पडला होता. गावाने दोनदा माणसं पाठवली, एकदा या तटाची, एकदा त्या तटाची. दोघांनाही "उद्या या" असं सांगितलं, आणि कचेरीतलं उद्या म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. मिस्त्रीने बिभीषणाला पाठवलं. म्हणाला, "नुसतं बघून ये, कुठं अडलंय ते."

बिभीषण गेला. बघतो तर खिडकीपुढे ही गर्दी! प्रत्येक जण पुढच्याला ढकलत होता. बिभीषणाने ढकलणारे मोजले. ब्याण्णव. मग किती पुढे सरकतात ते बघत तो झाडाखाली तासभर बसला. दोन सरकले. ब्याण्णव भागिले दोन, सेहेचाळीस.

"ही तर शेगडी झाली," बिभीषण मनाशी म्हणाला. "म्हंजी आत कुठंतरी लाल झालेलं असणार."

तो मागच्या दाराने आत गेला. टेबलापाशी कारकून बसला होता. पान खाऊन त्याचं तोंड लालभडक झालं होतं. बिभीषणाची खात्री पटली.

"साहेब," तो म्हणाला, "करकटवाडीच्या मोटरचा अर्ज अडलाय. जोडावर थर चढलाय. हात फुडं करा."

हात पुढे कर म्हटल्यावर काय करायचं ते कारकुनाला पाठ होतं. त्याने समोरच्या कागदांवरची नजर न हलवता डावा हात टेबलाखालून पुढे केला. बिभीषण खाली बसला. खिशातून पॉलिशपेपर काढला आणि तळहात घासायला लागला. वरून खाली, खालून वर, मिस्त्रीने शिकवलं होतं तसं.

कारकुनाची किंकाळी गेटपर्यंत ऐकू आली. सगळी कचेरी धावली. मोठे साहेब आले. चौकशी बसली. चौकशीत पहिलाच प्रश्न निघाला, की तुमचा हात टेबलाखाली कशासाठी होता? कारकून विचारात पडला. त्याने खूप विचार केला. मग त्याने तक्रार मागे घेतली. मात्र हा माणूस पुन्हा या कचेरीत पाऊल टाकता कामा नये, अशी विनंती केली, आणि त्यासाठी करकटवाडीचा अर्ज त्याच दिवशी मंजूर करून टाकला. शिक्का त्याने उजव्या हाताने मारला.

गाव खूश झालं. दोन्ही तटांनी आपापले फटाके वाजवले. मिस्त्रीने मात्र ही हकिकत ऐकून आधी दुकानाचं दार लावून घेतलं.

"अरं शहाण्या!" तो म्हणाला. "साहेब कामावर असताना घासलास? चालू लाईनला कुणी हात लावतंय का? आधी ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरचे फ्यूज काढायचे अन् खिशात घालायचे. म्हंजी मागं कुणी गाढव लाईन सोडत न्हाई. अन् आपुन परत येईपातूर त्ये फ्यूज कुणाला, अगदी कुणाला द्यायचे न्हाईत! मग पहिल्या खांबापासनं एकेक खांब तपासत यायचं. दोष सापडल्याबिगर माघारी फिरायचं न्हाई."

"बरं मिस्त्री," बिभीषण म्हणाला. मग त्याला एक शंका आली. "ढकलणारे हायेत, पर चालणारा कुणीच न्हाई, मग? शून्यानं भागायचं कसं?"

मिस्त्री घाबरला. साध्या आकड्याने भागायचं त्याला जमत नव्हतं, आणि हा तर शून्य म्हणत होता.

"शून्यानं भागायचंच नसतं," मिस्त्री म्हणाला. "गुणलं तर ताकद शून्य. भागाय गेलं तर उत्तरच न्हाई. समजायचं, तार कुठंतरी तुटलीय."

"बरं मिस्त्री. फुडच्या टायमाला तसंच."

जत्रेचा दिवस आला. बिभीषण टिकला होता! आयुष्यात पहिल्यांदा तो एका ठिकाणी टिकला होता. मोटर विहिरीवर बसली. दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपिअर, ताकद तेवीसशे. बिभीषणाने हिशोब केला आणि मिस्त्रीने तो स्वतःच्या नावाने सांगितला. उद्घाटनाला मोठे पुढारी आले. दोन तटांचे दोन मांडव, दोन नारळ, दोन फिती. पुढाऱ्यांनी एका हाताने एक फीत आणि दुसऱ्या हाताने दुसरी कापली. बटण दाबलं. मोटर गुरगुरली. पाणी पाईपातून टाकीकडे निघालं. पुढारी भाषणाला उभे राहिले.

इकडे बिभीषणाच्या दारात कौसल्या येऊन उभी राहिली होती.

नवं लुगडं, हातात पेटी, कपाळावर घाम. येताना वाटेत तिने ज्याला त्याला सांगितलं होतं, की आमचे मालक मिस्त्रीकडं टिकलेत. आळीतल्या बायका जमल्या. एकीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. बिभीषण दाराच्या आत उभा होता. पाठीमागे दोन ताटं मांडली होती. कौसल्येला बघून त्याला इतका आनंद झाला, की त्याला सतराचा पाढा आठवेना.

"नाव घे गं!" बायका म्हणाल्या. "नाव घेतल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई!"

कौसल्या लाजली. तिने वाटेत उखाणा जुळवून ठेवला होता. पण इतक्या दिवसांनी आलेला मान तिला थोडा वेळ पुरवून पुरवून घ्यायचा होता. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"घे की गं! घे की!" बायका पाठीवर हात ठेवून तिला पुढे लोटायला लागल्या. कौसल्या हसत होती आणि हलत नव्हती.

बिभीषणाच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू मावळला. त्याने बायका मोजल्या. ढकलणाऱ्या तेवीस. चालणारी शून्य. तेवीस गुणिले शून्य, ताकद शून्य. तेवीस भागिले शून्य...

"तार तुटली," बिभीषण म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

पण शिकलेला माणूस रडत बसत नाही. कौसल्येची लाईन कुठून येते? उंबरसांगवीहून. म्हणजे पहिला खांब उंबरसांगवीला. बायकांना वाटलं, तो आनंदाने डोळे पुसायला आत गेला; तो मात्र मागच्या दाराने निघाला. वाटेत डीपी लागली. त्याने तिन्ही फ्यूज ओढले, खिशात घातले आणि उंबरसांगवीची वाट धरली.

तिकडे मांडवात पुढारी म्हणत होते, "आजपासून या गावाचं पाणी कोणीही थांबवू शकणार नाही..." एवढ्यात कर्णा बंद पडला. मोटर बंद पडली. टाकीकडे निघालेलं पाणी पाईपात विचार करत थांबलं आणि माघारी विहिरीत गेलं. रंगनाथराव म्हणाले, हे दत्तोबाचं काम. दत्तोबा म्हणाले, हे रंगनाथाचं काम. पुढाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. बंद पडलेली वीज आपल्या नावावर घ्यायची नसते, हे त्यांना कळत होतं. ते गाडीत बसून निघून गेले.

आणि इकडे कौसल्येने पदर सावरला, डोळे मिटले आणि उखाणा घेतला:

"खांबाला खांब जोडत करकटवाडीत आली वीज,
बिभीषणरावांच्या दारात रुजलं माझ्या संसाराचं बीज."

तिने उजवं पाऊल आत टाकलं आणि डोळे उघडले. आत दोन ताटं होती. नवरा नव्हता.

बिभीषणाने फ्यूज नेल्याचं गावाला कळायला वेळ लागला नाही, कारण डीपीखालच्या पानवाल्याने पाहिलं होतं. पानवाल्याला वाटलं, सरकारी काम असेल. फ्यूजऐवजी नुसती तार लावून लाईन सोडता आली असती. पण मोटर जळली तर जबाबदार कोण, असा प्रश्न निघाला. रंगनाथराव म्हणाले, दत्तोबांनी सही करावी. दत्तोबा म्हणाले, सरपंचांनी करावी. सहीवरून मात्र दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, की आपण नको. शेवटी दोघे एकाच जीपमध्ये बसले आणि उंबरसांगवीला गेले. वर्षभरात कुणाला जमलं नव्हतं ते बिभीषणाने असं जमवलं.

बिभीषण सासऱ्यांच्या अंगणात, विजेच्या खांबाला पाठ लावून बसला होता. समोर सासरे हवालदिल होऊन उभे होते.

"पाव्हणं, लेक तर मी तिकडं लावून दिली," सासरे म्हणत होते.

"ठावं हाय, मामा. ढकलणाऱ्या लई हायेत. चालणंच बंद हाय. तार तुटलीय."

"फ्यूज दे!" रंगनाथराव गरजले.

"मी परत येईपातूर कुणाला द्यायचे न्हाईत."

"मग चल परत!" दत्तोबा गरजले.

"दोष सापडल्याबिगर माघारी फिरायचं न्हाई."

"अरं, दोष कुठं हाय?"

"त्येच तर हुडकतोय."

जीप रिकाम्या हाताने उभी राहिली. मिस्त्रीला आणावं म्हटलं, तर मिस्त्री कंबर दुखते म्हणून झोपून राहिला. शेवटी कौसल्येला कळवलं. पेटी अजून दारातच होती. कौसल्येने दोन्ही ताटांवर झाकण घातलं, दार ओढून घेतलं आणि जीपची वाट न बघता चालत उंबरसांगवीला आली. अंगणात आली तेव्हा तिला फार राग आला होता. पण खांबाला टेकून बसलेला, रडून डोळे सुजलेला नवरा बघितला आणि राग कुठल्या कुठे गेला.

तिने हात पुढे केला. "चला घरी," ती म्हणाली. "मी नाव घेतलं. मी उंबरा वलांडला. तुम्ही टिकलात. आता चला."

बिभीषण तिच्याकडे बघतच राहिला. "तू हितं कशी आलीस?"

"चालत."

"चालत?" बिभीषण ताडकन उठला. त्याचा चेहरा उजळला. "सगळी वाट चालत? म्हंजी ह्या टोकाला प्रवाह हाय! लाईन चांगली हाय! दोष आपल्या टोकाला, उंबऱ्यापाशी हाय! जोडावर गंज चढलाय, कौसल्ये!"

त्याने खिशातले तिन्ही फ्यूज काढले आणि तिच्या ओटीत घातले.

"हे दिले न्हाईत, नुसते ठेवलेत. सांभाळ. मी परत येईपातूर कुणाला द्यायचे न्हाईत. अन् तू जागची हलू नको. आता कुठं लाईन जुळलीय."

आणि खांबामागून खांब तपासत तो करकटवाडीच्या वाटेला लागला.

रंगनाथराव आणि दत्तोबा दोघेही कौसल्येकडे वळले. "वैनी, द्या त्ये फ्यूज," दोघे एका आवाजात म्हणाले.

कौसल्येने ओटीतल्या फ्यूजकडे पाहिलं. मग समोरच्या दोघा चुलतभावांकडे पाहिलं. गोणपाटात गुंडाळलेली मोटर आणि कोसावरून आणलेल्या घागरी तिला आठवल्या. हसावं की रडावं तिला कळेना. मग ती खांबाला पाठ लावून खाली बसली.

"मालक परत येईपातूर कुणाला द्यायचे न्हाईत," ती म्हणाली.

"अहो, पर त्यो तर घरला गेला!"

"मग येत्याल की. बसा तुम्ही बी."

तेव्हापासून करकटवाडीच्या टाकीवर उद्घाटनाच्या दोन पाट्या आहेत. कचेरीत योजना पूर्ण झाल्याची नोंद आहे. रंगनाथराव आणि दत्तोबा उंबरसांगवीच्या अंगणात शेजारी शेजारी बसलेले असतात आणि कौसल्येचे वडील त्यांना चहा देऊन कंटाळले आहेत.

आणि बिभीषण आपल्या उंबऱ्यावर बसला आहे. उंबरा घासून घासून त्याने असा लख्ख केला आहे, की त्यात तोंड दिसावं. हातात मीटर आहे. मागे दोन ताटं आहेत. दुसऱ्या ताटाला या खेपेला तो हात लावत नाही.

मिस्त्री कंबर धरून येता-जाता विचारतो, "काय रं, सापडला का दोष?"

"जोड चकाचक केलाय, मिस्त्री. आता नुसती कौसल्या आत आली, की चालणं मोजतो, भागाकार करतो अन् तडक जाऊन फ्यूज घेऊन येतो."

"मग ती येत का न्हाई?"

"कशी येईल?" बिभीषण म्हणतो. "मीच सांगितलंय तिला, मी परत येईपातूर जागची हलू नको."